अकरा फूट चार इंचांचा कडा

गेल्या मंगळवारी दुपारी पावणेचारला टिटवी आमच्या स्लॅबवर उतरली. वेळ अंदाजानं सांगत नाही. कूलरमध्ये पाणी टाकायला मी रोज त्याच वेळी उठतो. बादली तशीच हातात धरून मी मागच्या अंगणात गेलो आणि वर बघू लागलो. स्लॅबच्या काठाशी तिचे पिवळे पाय आधी दिसले. चार पावलं टाकायची, थांबायचं, मान तिरकी करून खाली बघायचं, पुन्हा चार पावलं. आमच्या मोजणी खात्यात नवीन लागलेला माणूस शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अगदी असाच चालतो.

"आली का जी?" पुष्पानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आतून विचारलं.

"आली. जागा पाहून राहिली."

"तिले पाहू द्या. तुमी नका पाहू. तुमी पाहाले लागले का मले भेव लागते."

हे भेव सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याचं आहे. त्या उन्हाळ्यातल्या बाकीच्या गोष्टी मी विसरलो. कुणाची लग्नं झाली, कुठल्या लग्नात वरण खारट होतं, काही आठवत नाही. पण कूलरच्या ओल्या ताट्यांचा वास आला आणि डोक्यावर 'टी-टी-टिव, टी-टी-टिव' ऐकू आलं की माझा हात आपोआप टाळूवर जातो.

आमचं घर लाखनीला, महामार्गापासून आत तिसऱ्या गल्लीत. ट्रक दिसत नाहीत, पण स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी त्यांची ये-जा कळवत असतात. घर एका मजल्याचं आहे. वरचा मजला बांधायचा ठरवून चारी बाजूंना लोखंडी सळ्या सोडल्या होत्या. त्या आता गंजून नारिंगी झाल्या आहेत. मजला व्हायचा म्हणून जिना केला नाही, जिना नाही म्हणून कठडा केला नाही. वर जायचं तर बांबूची शिडी लावायची आणि काम झालं की काढून भिंतीशी आडवी ठेवायची. थोडक्यात, चारी बाजूंनी सरळ तुटलेला आणि माथ्यावर सपाट असा हा एक कडाच होता. त्याची उंची अकरा फूट चार इंच. मी तीनदा मोजली आहे.

त्या वर्षी स्लॅब तीन ठिकाणी गळत होता. गळायच्या जागांभोवती मी आतून पेन्सिलीनं गोल केले होते. मे महिन्याच्या सुरुवातीला मिस्त्री येऊन वरून लेप देणार होता. त्याआधी क्षेत्रफळ काढून ठेवावं म्हणून टेप घेऊन मी शिडी चढलो. डोकं काठाच्या वर जेमतेम आलं असेल, तोच कानाजवळून किंचाळत काहीतरी गेलं. मी दोन पायऱ्या घसरलो. खाली येऊन हेल्मेट घातलं आणि पुन्हा चढलो. बांधकामातून उरलेल्या बारीक गिट्टीचा एक थर वर पडून होता. त्यात, पश्चिमेच्या काठापासून सात फूट तीन इंचांवर, गिट्टीच्याच रंगाची चार अंडी होती. टोकं आत, बुडं बाहेर, फुलाच्या चार पाकळ्या जुळवाव्यात तशी. घरटं म्हणावं असं काहीच नव्हतं, बशीएवढा एक खळगा होता.

"मंग मिस्त्री?" पुष्पानं विचारलं.

"अठ्ठावीस दिवसात पिल्लं निघतात. तवरी थांब म्हणतो त्याले."

"तो थांबन. पाणी थांबन का?"

असं ती म्हणाली खरी. पण मिस्त्रीला नको म्हणायला तीच मला अंगणाच्या फाटकाबाहेर घेऊन उभी राहिली होती, हे नोंदवायला हवं.

खरं तर त्या टिटवीला मी आधीपासून ओळखत होतो. त्याच्या दोन वर्षं आधी तिनं आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये, अगदी जमिनीवर अंडी घातली होती. ती गल्लीतल्या कुत्र्यांनी खाल्ली. पुढच्या वर्षी ती त्याच प्लॉटमधल्या मुरमाच्या ढिगावर गेली. तिथं मुंगूस आलं. तिसऱ्या वर्षी ती स्लॅबवर आली. टिटवी तीच कशावरून, असं कुणीही विचारील. तिच्या डाव्या पायाचं मागचं नख नव्हतं, असं मी सांगणार होतो. मग पुस्तकात वाचलं की तिला तिथं बोट जवळजवळ नसतंच. तेव्हा तीच होती असं मी शपथेवर सांगत नाही. पण जमीन, मग चार फूट, मग अकरा फूट, हा क्रम माझ्या वहीत आहे.

त्याच वहीत मी तिच्या शत्रूंची मोजदाद केली होती. खाली प्लॉटमध्ये कुत्री, मुंगूस, बोका, घोरपड, धामण आणि कावळे, शिवाय शेळ्यांचे खूर आणि ट्रॅक्टरची चाकं. वर फक्त कावळा, शिक्रा आणि ऊन. म्हणजे आठाचे तीन झाले. मोजणीतला माणूस म्हणून मला तिचा हिशेब पसंत पडला.

उन्हाचं मात्र सोपं नव्हतं. मे महिन्यात आमच्या स्लॅबवर अनवाणी पाय ठेवता येत नाही; पुष्पा त्यावर कुरड्या वाळवायची त्या दुपारपर्यंत वाजायला लागायच्या. टिटवी अंड्यांवर बसायची नाही, उभी राहायची. पंख थोडे सैल सोडून ती त्यांच्यावर सावली धरायची आणि चोच उघडी टाकून धापा टाकायची. नर आणि मादी सारखेच दिसतात, त्यामुळे मी त्यांना पहिली पाळी आणि दुसरी पाळी म्हणत असे. पाळी बदलताना येणारा पक्षी नाल्याच्या डबक्यात पोट भिजवून यायचा आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसायचा. प्लॉटच्या टोकाला, त्या मुरमाच्या ढिगावर उभं राहिलं की हे दिसायचं. डबक्याला जायला-यायला तिला सरासरी अकरा मिनिटं लागायची.

मला त्या अकरा मिनिटांचं वाईट वाटलं. मी हेल्मेट घालून वर गेलो आणि पाण्यानं भरलेली परात ठेवून आलो. टिटवीनं परातीकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला तीन कावळे आले. पाणी पिऊन झाल्यावर ते इकडेतिकडे बघू लागले. मग परात काढून आणायला मी पुन्हा वर गेलो तेव्हा दोन्ही पाळ्या एकदम माझ्यावर आल्या. टिटवी टोचत नाही, बोटभर अंतरावरून वळते. पण हे आपल्याला खाली आल्यावर आठवतं.

त्याच आठवड्यात डोमाजी काकाजी आले. हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, वय तेव्हा एकाहत्तर. त्यांचं गाव एसटीनं पाऊण तासावर. गावतळ्याखाली त्यांच्या धानाच्या सहा बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, आहेत. रोहिणी लागायच्या आत ते बियाणं घ्यायला लाखनीला येतात आणि आमच्याकडे जेवून जातात. ओट्यावर पाय धुता धुता त्यांनी वर मान केली.

"टिटवी कोठं ओरडून राहिली बे?"

"स्लॅबवर. अंडे देल्ले तिनं."

काकाजींचा लोटा हातात तसाच राहिला. "स्लॅबवर? किती उच?"

इथं मी चूक केली. दुसरा कोणी 'असंल दहा-बारा फूट' म्हणाला असता. मी म्हणालो, "अकरा फूट चार इंच."

"बाप्पा!" काकाजी म्हणाले आणि ओट्यावर बसले.

आमच्याकडे शेतकरी टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस बघतात. खोलगट जागी अंडी घातली तर पाणी कमी, बांधावर घातली तर पाणी भरपूर, आणि अंडी जितकी तितके महिने पाणी. त्यावरून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खालच्या बांधीत टाकायचे की वरच्या, ते ठरतं. बांधाची उंची दीड-दोन फूट. अकरा फुटांसाठी त्यांच्याकडे मापच नव्हतं.

"काकाजी, ते पाण्यासाठी नाही जी चढली," मी म्हणालो. "मुंगसासाठी चढली. माझ्याजवळ तीन वर्षांचं लिहून आहे."

"मुंगूस तं दरसाली आहे. मंग याच साली काहून चढली?"

"तिले दोन वर्षांचा अनुभव आला."

"पाखराले दोन वर्षांत अनुभव येते," काकाजी पुष्पाकडे वळून म्हणाले, "अन् याचा स्लॅब तीन वर्षं झाले गळून राहिला."

पुष्पा इतकी हसली की तिला आत जावं लागलं.

काकाजींना अंडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. मी विरोध केला. ते म्हणाले, "बियाणं माहं आहे." मग धोतर खोचून आणि डोक्यावर माझं लाल हेल्मेट घालून एकाहत्तर वर्षांचे काकाजी शिडी चढले. वर त्यांनी दोन्ही टिटव्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि खाली आल्यावर एवढंच म्हणाले, "चार आहेत."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं काकाजींच्या गावातले पाच जण आले. हेल्मेट एकच असल्यामुळे ओट्यावर रांग लागली. पुष्पानं दोनदा चहा केला. शेवटचा माणूस उतरेपर्यंत टिटव्या सत्तेचाळीस मिनिटं अंड्यांवर बसल्या नव्हत्या. मी घड्याळ लावून होतो. तेव्हा मी शिडी उचलली, घरात आणली आणि बैठकीच्या खोलीत दिवाणाखाली सरकवली. शिडी सोळा फूट आणि खोली बारा फूट. चार फूट शिडी दारातून बाहेर राहिली आणि पुढचे पंधरा दिवस येणारा प्रत्येक जण तिला अडखळला.

त्या वर्षी पाऊस कसा झाला, हे लोक अजून विचारतात. मी अंगणात पर्जन्यमापकाची नळी लावलेली आहे. पाऊस नेहमीसारखा झाला. आषाढात चार दिवस जोराचा, श्रावणात बारा दिवसांचा खंड. पूर आला नाही. काकाजींनी पऱ्हे वरच्या बांधीत टाकले होते, तेही नीट आले आणि ज्यांनी खाली टाकले त्यांचेही नीट आले. काकाजींच्या मते टिटवी बरोबर होती. पाणी फक्त दुसऱ्या तालुक्यात पडलं.

पण मे महिन्यात हे काही माहीत नव्हतं, आणि मला पावसाची चिंता नव्हतीच. आमची मुलगी रसिका तेव्हा नागपुरात शिकत होती. सुट्टीत दोन दिवस आली तेव्हा तिनं फोनवर आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. थंड देशातला समुद्र आणि त्यातून सरळ उभा राहिलेला काळा कडा. कड्यावर हातभर रुंदीच्या कपारींमध्ये हजारो काळे-पांढरे पक्षी, खांद्याला खांदा लावून, एसटी स्टँडवर सणाच्या आदल्या दिवशी माणसं उभी असतात तसे. त्यांचंही घरटं नाही. उघड्या दगडावर एकेक अंडं. माथ्यावर एक कोल्हा येरझाऱ्या घालत होता आणि त्याला खाली उतरता येत नव्हतं. मला फार बरं वाटलं. मी रसिकाला म्हटलं, "पाह्य. समुद्रातले पाखरं तेच करतात. तिथं पाऊस पाहाले कोणाची बांधी आहे?"

पुष्पा मात्र वेगळंच बघत होती. "अंडं तं घातलं एवढ्या उच," ती म्हणाली. "पिल्लू उतरन कसं?"

रसिकानं व्हिडिओ पुढे नेला. पिल्लाला पंख फुटलेले नव्हते. खाली पाण्यात त्याचा बाप हाका मारत होता. पिल्लू कपारीच्या टोकाशी आलं, मागे गेलं, पुन्हा आलं.

"बंद कर," पुष्पा म्हणाली आणि स्वतःच फोन उलटा ठेवला.

मी वही उघडली. टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघालं की दिवसभरात चालू लागतं, पण उडायला त्याला महिना लागतो. आई-बाप त्याला भरवत नाहीत. ते स्वतःचे किडे स्वतः टिपतं. आमच्या स्लॅबवर गिट्टी होती, सळ्या होत्या, पण किडा एकही नव्हता. म्हणजे उतरावं लागणारच होतं. समुद्राच्या पक्ष्यांना खाली पाणी होतं. आमच्याकडे खाली चारी बाजूंनी सिमेंटचा ओटा होता आणि त्याला लागून नाली.

आधी मी प्रयोग केला. दिवाणाखालची शिडी काढली, पूर्वेच्या बाजूला लावली आणि काठावरून ओट्यावर एक लिंबू सोडलं. ते फुटलं नाही, पण एका बाजूनं मऊ पडलं. दुसरं कापसात गुंडाळून सोडलं. ते नालीत गेलं. तिसऱ्याच्या वेळी पुष्पानं लिंबांची पिशवी काढून घेतली. "पिल्लू लिंबू आहे का जी? लिंबाले पाय असतात का?"

म्हणून मी उतार बांधला. लाकडी फळ्या जोडून, पश्चिमेच्या काठापासून प्लॉटच्या गवतापर्यंत, चौतीस फूट लांब. एकास तीन उतार. पिल्लाला यापेक्षा तीव्र नको. घसरू नये म्हणून त्यावर बोऱ्याचं, म्हणजे पोत्याचं, कापड ठोकलं आणि दर सहा इंचांवर बांबूची कामटी. खाली धानाच्या पेंढ्याचं तणीस पसरलं. अठ्ठावीसपैकी चोविसावा दिवस होता तो. संध्याकाळी मी पुष्पाला बोलावून दाखवलं. तीही म्हणाली, चांगला झाला.

सव्विसाव्या दिवशी, दुपारी, ती मागे कपडे वाळत घालायला गेली आणि मी तिची अशी हाक ऐकली की जेवणाचं ताट पायानं उडालं. शेजारचा बोका उताराच्या मध्यावर होता. घाईत नव्हता. एकेका कामटीवर पाय ठेवत, लग्नाच्या स्टेजवर आहेर द्यायला चढावं तसा चढत होता. दोन्ही टिटव्या त्याच्यावर तुटून पडत होत्या आणि तो फक्त कान मागे घेत होता. पुष्पानं हातातला ओला टॉवेल फेकला, मग बादली, मग पायातली चप्पल. दुसरी चप्पल लागली. बोका उताराच्या वरच्या टोकावर पोचला होता, तिथून खाली उडी मारून पळाला. टोकापासून अंडी सात फूट तीन इंचांवर.

पुष्पा तिथंच तणसावर बसली. मी तिच्या दोन्ही चपला शोधून आणल्या आणि तिच्या पायांशी ठेवल्या. दोन उन्हाळे घालवून त्या पाखरानं अशी जागा शोधली होती की जिथं मांजराला वाट नाही. मी टेप लावून, उतार काढून, पाय घसरू नये याची काळजी घेऊन, मांजराला वाट करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी आले. पऱ्हे टाकून झाले होते, आता त्यांना पिल्लं कधी निघतात ते बघायचं होतं. उताराभोवती ते एक फेरी मारून आले.

"हे कोणाच्या वरातीसाठी बांधलं?"

पुष्पानं सांगितलं. काकाजी हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. "काढ," म्हणाले. "आत्ताच काढ. फळी काढ, शिडी काढ, अन् तूही निघ तेथून."

"अन् पिल्लू उतरन कसं?"

"त्याची माय आहे ना. तू आहेस का त्याची माय?"

आम्ही तिघांनी मिळून अर्ध्या तासात फळ्या उतरवल्या. पुष्पानं कामट्या चुलीसाठी घेतल्या.

पिल्लं एकोणतिसाव्या दिवशी निघाली. माझा अंदाज एका दिवसानं चुकला. ढिगावरून पाहिलं तेव्हा टिटवीच्या पोटाखालून काड्यांसारखे पाय निघालेले दिसले, दोनऐवजी सहा-आठ. तो दिवस ती तशीच पोटाखाली धरून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायला लागलं तरी कुणी हललं नाही. आठ वाजता मी म्हणालो, टोपली घेऊन वर जातो आणि चौघांना उतरवून आणतो. काकाजी मुक्कामाला होते. ते म्हणाले, "तू चढला का ते चारी दिशेले पळतात. एक जरी रस्त्याच्या बाजूले पडलं तं कुत्रे बसले आहेत."

हे खरं होतं. पुढच्या गल्लीत पाच कुत्री होती. मी टोपली ठेवली. पुष्पानं तेवढ्यात घरातलं शिळं अन्न नेऊन कुत्र्यांना गल्लीच्या दुसऱ्या टोकाला घातलं. त्या दिवशीचं कामाचं काम तेवढंच झालं.

आम्ही तिघं ढिगाआड बाभळीच्या सावलीत बसलो. साडेआठनंतर एक टिटवी उडून प्लॉटमध्ये उतरली, ओट्यापासून दूर, गवताच्या बाजूला, आणि हाक मारू लागली. ही हाक मी कधी ऐकली नव्हती. गल्लीभर ओरडणारा तो पक्षी इतक्या हळू बोलतो हे मला माहीत नव्हतं. पुष्पा रसिकाला लहानपणी झोपेतून उठवायची तेव्हा असा आवाज काढायची.

पहिलं पिल्लू काठावर आलं, खाली बघितलं आणि सरळ पुढे चाललं; पुढे स्लॅब नव्हता. ते बोंडातून सुटलेल्या कापसासारखं खाली आलं, ओट्यावर आपटून एकदा उसळलं, आणि मी डोळे उघडेपर्यंत आईकडे पळत होतं. तणसाचा ढीग हातभर बाजूला होता. दुसरंही तसंच, ओट्यावर. तिसरं नालीत पडलं. पुष्पानं माझं मनगट धरलं. नाली कोरडी होती. ते नालीतून चालत दहा पावलं गेलं आणि जिथं काठ तुटला होता तिथून वर आलं.

"लिंबापेक्षा बरं पडून राहिले," काकाजी पुटपुटले. लिंबांचं त्यांना पुष्पानं सांगितलेलं दिसत होतं.

चौथं येईना. ते काठाशी यायचं, थांबायचं, मान तिरकी करून खाली बघायचं आणि परत जायचं. पश्चिमेच्या कोपऱ्यावर गेलं, मग उत्तरेच्या. प्रत्येक काठावर तसंच.

"हे तुमचं आहे," पुष्पा मला म्हणाली.

नऊ वाजले. साडेनऊ वाजले. खाली तिघं आईच्या पोटाखाली जायला बघत होती आणि ती त्यांना घेऊन पुढे निघायला बघत होती. दोन पावलं जायची, मागे वळून हाक मारायची. दुसरी टिटवी चौथ्याबरोबर वर थांबली होती. वरचं सिमेंट तापलं असणार. पिल्लू आता एक पाय उचलायचं, मग दुसरा. आकाशात खूप उंचावर काहीतरी गोल फिरत होतं. शिक्रा होता की घार, मी बघितलं नाही, बघायची हिंमत झाली नाही. काकाजींनी चिलीम काढली आणि न पेटवता परत ठेवली. "येन," ते म्हणाले. "माय नाही सोडत." पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता.

नऊ बावन्नला ते पुन्हा उत्तरेच्या काठाकडे गेलं आणि दिसेनासं झालं. वरची टिटवी उडाली. पिल्लू पडलं, की उतरलं, की सळ्यांमध्ये अडकलं, आम्हाला काहीच दिसलं नाही. ती बाजू आमच्याकडून झाकलेली होती.

मी उठलो. काकाजी "बस बे" म्हणाले, पण मी निघालो होतो. उत्तरेच्या भिंतीशी आलो. ओट्यावर काही नव्हतं. नालीत काही नव्हतं. मी गवतात शिरलो, पंधरा-वीस पावलं गेलो, आणि तेव्हा दोन्ही टिटव्या डोक्यावर किंचाळल्या. ती हाक माझ्यासाठी नव्हती. ती पिल्लांसाठी होती: बसा, हलू नका. आणि समोर पळणारी तीन पिल्लं माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. जिथं ती होती तिथं फक्त मातीची ढेकळं, वाळकं गवत आणि खडे होते.

उचललेला उजवा पाय मी तसाच हवेत धरला. मग फार हळू, जिथून उचलला होता तिथंच ठेवला. हेल्मेट घरात होतं. एक टिटवी वरून येत होती आणि माझ्या टाळूला वारा लागत होता. दुसरी माझ्यापासून दहा पावलांवर उतरली आणि एक पंख जमिनीवर पसरून लंगडत लंगडत चालू लागली, जणू मला म्हणत होती, ये, मला धर, इकडे ये. मी बोका नाही हे तिला कसं सांगणार?

"हालू नोको!" काकाजी ढिगावरून ओरडले.

"डावीकडे एक आहे जी!" पुष्पाचा आवाज. "नाही, तो गोटा होय. थांबा. उजवीकडे… तुमी काहीच करू नका!"

मी काहीच करत नव्हतो. शर्ट पाठीला चिकटला होता. घाम भुवईवरून डोळ्यात येत होता आणि तो पुसायला हात उचलायचीही मला भीती वाटत होती. समोरच्या हातभर जमिनीतला एकेक खडा मी निरखला. त्यातला कुठला श्वास घेतो ते शोधत होतो. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मनगटावरचं घड्याळ बघायला मान वळवावी लागली असती.

मग टिटव्या गप्प झाल्या. लंगडणारीनं पंख मिटला आणि नीट चालत गवताकडे गेली. तिनं ती हळू हाक मारली. चार पावलांवरचं एक ढेकूळ उठून पळालं. बाजूचं दुसरं. बांधाच्या कडेचं तिसरं. मी थांबलो. ती पुन्हा हाक मारत होती. माझ्या उजव्या चप्पलेला लागून, अंगठ्याच्या बाजूला, एक ठिपक्यांचा खडा होता. गेला सगळा वेळ मी दूर बघत होतो. तो खडा उभा राहिला. त्यानं मान तिरकी करून माझ्या पायाकडे पाहिलं, पायाला वळसा घालावा की कसं याचा थोडा विचार केला, आणि सरळ माझ्या बोटांवरून चढून पलीकडे उतरून आईमागे गेला.

"दिसलं का जी?" पुष्पा विचारत होती. "अजी, दिसलं का? किती झाले?"

मी हात वर केला आणि चार बोटं दाखवली. ती चौघं गवतात गेल्यावरही मी तसाच हात वर करून उभा होतो, कारण पाय कुठं ठेवावा हे अजून ठरत नव्हतं.